हुर्यो कुणाची उडवायची?

११ मे २०२५, रविवार, रात्री साडेदहाचा सुमार. पुण्यात मित्राच्या घरी आम्ही चार-पाच जण लिव्हरपूल-आर्सेनल मॅच बघत बसलो होतो. इंग्लंडची प्रीमियर लीग लिव्हरपूलच्या आधीच खिशात पडली होती, त्यामुळे जिवाला घोर नव्हता. सदुसष्टाव्या मिनिटाला लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि ॲनफिल्डमधून, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानातून, जो आवाज उठला, त्यानं आमच्या खोलीतलं बोलणं थांबलं. हुर्यो. त्याच्या पायाला बॉल लागला की हुर्यो, सुटला की शांतता, पुन्हा लागला की पुन्हा हुर्यो. काही लोक टाळ्या वाजवत होते, पण त्या टाळ्या त्या आवाजात बुडत होत्या. माझा भाचा बारा वर्षांचा. पाठीवर ट्रेंटचा ६६ नंबर असलेली जर्सी घालून तो टीव्हीपुढे खालीच बसला होता. वळून म्हणाला, "मामा, हा अजून आपल्याच टीमचा आहे ना?"

होता. त्याचा करार ३० जूनपर्यंत होता. आपण क्लब सोडतोय हे त्यानं सहाच दिवसांपूर्वी, ५ मेला जाहीर केलं होतं. कुठं जाणार ते त्यानं सांगितलं नव्हतं, पण स्पेनचा रियल माद्रिद हे नाव पोराटोरांनाही माहीत होतं.

ज्याच्या घरी आम्ही बसलो होतो तो आणि मी, दोघंही कोल्हापूरचे, एकाच पेठेतले. तो टीव्हीसमोर उभा राहून ॲनफिल्डच्या सुरात सूर मिळवून ओरडत होता. त्या रात्री आमचं कडाक्याचं वाजलं आणि तो वाद आजही मिटलेला नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की, ती हुर्यो चुकीच्या माणसाची उडवली गेली. पण मित्राचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

ट्रेंट हा लिव्हरपूल शहरातला पोरगा. वेस्ट डर्बीत, क्लबच्या मेलवुड सरावमैदानाजवळच वाढलेला. लहानपणी भिंतीच्या फटीतून खेळाडूंना बघायचा, हे त्यानंच सांगितलेलं आहे. सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत गेला, ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिल्या संघाकडून पहिली मॅच खेळला, आणि त्या लाल जर्सीत त्यानं ३५४ सामने काढले. ७ मे २०१९ च्या रात्री, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात, बार्सिलोनाचा बचाव पाठ फिरवून उभा आहे हे बघून त्यानं जो कॉर्नर पटकन मारला आणि ओरिगीनं चौथा गोल केला, तो ज्यांनी पाहिला त्यांना मी काय नव्यानं सांगणार! आम्ही पहाटे दोन वाजता शेजाऱ्यांची पर्वा न करता ओरडलो होतो. तेव्हा त्याचं वय होतं वीस.

मित्र म्हणतो, "बाहेरून आलेला असता तर मी टाळ्या वाजवून निरोप दिला असता. पण हा आपला होता की रे. म्हणून लागतंय मनाला." आणि त्याच्याकडं पुरावाही आहे. त्याच एप्रिलमध्ये इजिप्तच्या सलाहनं नवा करार केला, नेदरलँड्सच्या व्हॅन डाइकनं केला. परमुलखातले दोघे थांबले आणि घरचा निघाला. वर फुकटात निघाला. करार संपेपर्यंत थांबला, त्यामुळे क्लबच्या हाती मोठी रक्कम लागली नाही. जून उजाडायच्या आत मोकळं करण्यासाठी माद्रिदनं सुमारे १ कोटी युरो दिल्याचं छापून आलं, पण त्याच्या तोडीच्या खेळाडूच्या बाजारभावापुढं ती रक्कम किरकोळच. आणि वर्षभर तो त्या विषयावर गप्प राहिला.

या तिन्हीतली शेवटची तक्रार मला मान्य आहे. ज्यांनी तुझ्या नावाची गाणी रचली, त्यांना आणखी थोडं लवकर सांगायला हवं होतं. बाकी दोन मला मान्य नाहीत. मात्र "फुटबॉल ही नोकरी आहे, चांगली ऑफर आली की माणूस जाणारच" हे उत्तरही मी देणार नाही. ते मला खोटं वाटतं. मित्र हिंजवडीत तिसऱ्या कंपनीत आहे. पहिलीनं त्याला काम शिकवलं आणि दीड वर्षात त्यानं ती सोडली. पण त्या कंपनीसाठी कुणी रात्र-रात्र जागलं नव्हतं, कुणी तिचं नाव पोराच्या पाठीवर छापलं नव्हतं. क्लब आणि कंपनी एक नव्हे. खेळाडूवरचं प्रेम खरं असतं, त्यामुळे तो जातो तेव्हाचं दुःखही खरं असतं. माझी हरकत दुःखाला नाहीच.

हरकत आहे ती त्या प्रेमाच्या बदल्यात काय मागायचं याला.

नीट बघा. मी लिव्हरपूल निवडला. २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल शाळकरी वयात पाहिली, तीन गोलांनी मागं पडलेला संघ परत उभा राहिला, आणि मी ठरवलं की हाच माझा क्लब. मित्रानंही असंच ठरवलं. ट्रेंटनं कधी ठरवलं? त्याच्या गावात तो जन्मला, सहा वर्षांच्या पोराला अकादमीनं उचललं आणि वीस वर्षं तो त्याच दारातून आत-बाहेर करत राहिला. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा "मी कुठं खेळू?" हा प्रश्न त्याच्यापुढं मोकळा आला. आम्ही बारा-तेराव्या वर्षी, सात हजार किलोमीटरवर बसून जे स्वातंत्र्य वापरलं, ते त्यानं सव्विसाव्या वर्षी वापरलं तर त्याला गद्दार म्हणण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला? 'आपला' या शब्दात माया आहे तशी मालकीही आहे. एकीतून दुसरीत आपण कधी शिरतो ते कळत नाही.

आता 'फुकटात'. हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यामागं माणसांनी सोसलेलं आहे आणि ते आपण विसरलोय. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचाच नाही असा नियम होता. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकायचा. खेळवायचं नाही, पगार द्यायचा नाही आणि सोडायचंही नाही. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमला असंच अडवलं, तेव्हा तो गडी फुटबॉल सोडून कॉर्क विकायच्या कामाला लागला. पुढं कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये न्यायालयानं ही पद्धत अन्याय्य ठरवली. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागायचा क्लबचा हक्क शिल्लकच होता. तो मोडला बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमाननं. १९९० मध्ये लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला होता, फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण लिएजनं सोडलं नाही. उलट पगार पावपट केला. तो पाच वर्षं लढला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपला म्हणजे माणूस मोकळा. त्या लढाईत बोसमानची स्वतःची कारकीर्द संपली. त्यानं मिळवलेल्या हक्कावर पुढच्या सगळ्यांनी घरं बांधली. लिव्हरपूलचाच स्टीव्ह मॅकमनामन १९९९ मध्ये याच वाटेनं माद्रिदला गेला होता.

तर ज्याला आपण फुकटात म्हणतो, त्याचा अर्थ इतकाच की त्याला विकता आलं नाही. दिलेला शब्द त्यानं हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. करार वेळेत वाढवला नाही हे जितकं त्याच्याकडून, तितकंच क्लबकडूनही घडलं. आणि नऊ हंगाम जो खेळला, त्याला आणायला क्लबनं दमडी मोजली नव्हती, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

इथं मी मित्राला कुटिन्योची आठवण करून दिली. जानेवारी २०१८ मध्ये फिलिप कुटिन्यो हट्ट धरून बार्सिलोनाला गेला. तेव्हाही चिडलो होतो आम्ही. पण १४ कोटी पौंडांच्या घरात सौदा झाला. त्याच सुमारास व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन आला, दीड वर्षात चॅम्पियन्स लीग घरी आली. आज कुटिन्योचं नाव निघालं की लोक हसून म्हणतात, बरं झालं गेला. मग प्रश्न निष्ठेचा होता की हिशोबाचा? पैसे आले की राग विरतो आणि पैसे आले नाहीत की त्याच गोष्टीला गद्दारी म्हणायचं, हे मला पटत नाही. मित्रानं याला उत्तर दिलं नाही. नुसता म्हणाला, "कुटिन्यो आपल्या गावचा नव्हता." म्हणजे आम्ही पुन्हा तिथंच. गाव तर आमचंही नाही ते.

आणि समजा तो थांबला असता. आयुष्यभर थांबला असता. तरी पावला असता का? पाओलो मालदिनी एसी मिलानसाठी २५ हंगाम खेळला. वडील त्याच क्लबचे कर्णधार, हाही कर्णधार. २४ मे २००९ ला सान सिरोवर त्याचा घरचा शेवटचा सामना. रोमाकडून मिलान ३-२ नं हरलं. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत होता, आणि कट्टर समर्थकांच्या कठड्यावरून शिट्ट्या आल्या. खरा कर्णधार एकच, त्याच्या आधीचा फ्रँको बारेसी, अशा अर्थाचे फलक लागले. का, तर आधी कधीतरी त्यानं या समर्थकांना सुनावलं होतं. ज्यानं पंचवीस वर्षांत दुसरी जर्सी अंगाला लावली नाही, त्याची ही गत! लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्डचं तेच. जुलै २००५ मध्ये, चॅम्पियन्स लीग जिंकून दोन महिने झाले नव्हते, चेल्सीला जायचं त्यानं जवळजवळ ठरवलं, तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. रात्रीत मन बदललं, राहिला, म्हणून आज तो दैवत आहे. एका रात्रीचा फरक.

हे मी तावातावानं सांगतोय, पण मी कोण सोवळा लागून गेलो? मीही हुर्यो उडवलेली आहे. शाहू स्टेडियमवर.

कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं संघ तालमींचे आणि पेठांचे. वडील ज्या तालमीचे, पोरगा त्याच तालमीचा. चारच्या सुमाराला मॅच असली की दुकानांची शटर अर्धी खाली येतात. त्याला आमच्याकडं ईर्षा म्हणतात आणि हा शब्द तिथं अभिमानानं उच्चारतात. मी आठवीत असताना आमच्या गल्लीतला एक पोरगा आमच्या तालमीचा फॉरवर्ड होता. त्याच्या पायात काय जादू होती ते कागदावर उतरवता येणार नाही. एका हंगामात गुडघा गेला. पहिले पंधरा दिवस तालमीतली माणसं दारात रांग लावून आली. महिन्यानं चार जण येत होते, तीन महिन्यांनी कुणीच नाही. ऑपरेशनचं बिल भरलं ते दुसऱ्या तालमीच्या एका माणसानं. पुढच्या हंगामाची खेळाडू नोंदणी झाली तेव्हा त्याचं नाव त्या दुसऱ्या संघात निघालं.

तो आमच्याविरुद्ध पहिल्यांदा खेळला, त्या दिवशी अख्खी गल्ली स्टेडियमवर होती. बॉल त्याच्या पायाशी गेला की आम्ही उठायचो. मी चौदा वर्षांचा, घसा बसेपर्यंत ओरडलो. बिलाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ओरडलो असतो, असं आज वाटतं. त्याची आई मॅचला यायची नाही. मैदानावरचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा. ती उंबऱ्यात धान्य निवडत बसायची आणि आवाजाच्या चढउतारावरून गोल कुणाचा झाला ते सांगायची. सहसा बरोबर असायचं तिचं. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा दार लावलेलं होतं.

म्हणून मला राग कुणावर काढायचा हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. राग काढूच नये असं नाही. लिव्हरपूलच्याच लोकांनी तो नेमका कसा काढायचा हे दाखवलेलं आहे. २०१६ च्या सुरुवातीला मालकांनी नव्या मेन स्टँडमधल्या काही जागांचं तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल २-० नं पुढं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं जागेवरून उठली आणि बाहेर चालू लागली. संघ पुढं असताना! सामना २-२ बरोबरीत सुटला, आणि चार-पाच दिवसांत मालकांनी दरवाढ मागं घेऊन माफी मागितली. २०२१ मध्ये सुपर लीगची टूम निघाली तेव्हाही तेच. १८ एप्रिलला बारा बड्या क्लबांनी परस्पर आपली बंद लीग जाहीर केली, त्यात लिव्हरपूल होता. ॲनफिल्डच्या कॉप स्टँडवर झेंडे लावणाऱ्या मंडळींनी निषेध म्हणून झेंडे उतरवायचं ठरवलं, शहरोशहरी लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागं हटले. लिव्हरपूलचा मालक जॉन हेन्रीला कॅमेऱ्यापुढं बसून माफी मागावी लागली.

निष्ठेचा जाब विचारायचा तर इथं. कारण मालक आपल्या निष्ठेवरच धंदा करतो. आपण क्लब बदलणार नाही याची त्याला खात्री आहे, म्हणून तिकीट वाढतं, दर हंगामाला तीन नव्या जर्सी निघतात. खेळाडू जातो तेव्हा एक उजवा बचावपटू जातो. मालक फिरला की काय जातं ते पुण्याला विचारा. २०१४ ते २०१९ बालेवाडीत एफसी पुणे सिटी होता. नारिंगी जर्सी घालून जाणारी पोरं होती, त्यांतली काही माझ्या ओळखीची. फ्रँचायझी हातची गेली आणि तिच्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. त्या पोरांनी निष्ठा कुठं न्यायची होती? मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबनं २०१६ मध्ये आय-लीग सोडली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावांत फुटबॉल जेवणासारखा रोजचा, तिथले क्लब देशाच्या पहिल्या लीगमधून गेले. यातल्या कशालाच स्टेडियमभर हुर्यो झाली नाही. ज्यानं निर्णय घेतला तो सदुसष्टाव्या मिनिटाला मैदानात उतरत नाही. उतरतो तो खेळाडू. समोर दिसतो, पळतो, त्याला ऐकू येतं. म्हणून त्याला ओरडणं सोपं असतं.

त्या हुर्योच्या तीनच आठवडे आधीची एक गोष्ट सांगतो. २० एप्रिलला लेस्टरच्या मैदानावर, घोट्याच्या दुखापतीतून परतलेल्या ट्रेंटनं डाव्या पायानं गोल केला. १-०. त्यानं जर्सी काढली आणि कॉर्नरच्या झेंड्याच्या काठीवर अडकवली. समोर लिव्हरपूलहून आलेले लोक वेडे झाले होते. करार संपत आलाय, माद्रिदची बोलणी चालू आहेत, हे त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊक होतं. तोच माणूस, तीच जर्सी. तेव्हा प्रेम होतं, ते विजेतेपद पक्कं झाल्यावर कुठं गेलं? लिव्हरपूलचा आधीचा प्रशिक्षक युर्गेन क्लॉपनं नंतर सांगितलं की हुर्यो ऐकली आणि त्यानं टीव्ही बंद केला. २५ मेला, चषक उचलायच्या दिवशी, त्याच ॲनफिल्डनं ट्रेंटला टाळ्या दिल्या, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. वाटलं, शुद्धीवर आले.

नोव्हेंबरात तो रियल माद्रिदबरोबर परत आला. मैदानाजवळच्या एका घराच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र आहे. मी लिव्हरपूलचा एक साधा पोरगा, माझं स्वप्न खरं झालंय, अशा अर्थाचं त्याचंच वाक्य त्यावर लिहिलेलं. त्या चित्राला सामन्याआधी कुणीतरी रंग फासला. सामन्याच्या आदल्या दिवशी तो ॲनफिल्डबाहेर दियोगो जोटाच्या स्मृतिस्थळापाशी गेला, जुलैत अपघातात गेलेल्या आपल्या मित्रासाठी फुलं आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांसाठी मैदानात आला आणि पुन्हा हुर्यो. आता तो प्रतिस्पर्धी होता, त्यामुळे त्या रात्रीची हुर्यो मी समजू शकतो. ईर्षेनं खेळणाऱ्या गावचा आहे मी. पण ११ मेची नाही. तो आमच्या जर्सीत होता.

दिवाळीनंतर आठवडाभर मी कोल्हापुरात होतो, त्याच दिवसांत ही मॅच झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर तो आमचा जुना फॉरवर्ड भेटला. आता पन्नाशीकडं झुकलाय, गुडघा अजून जिना चढताना धरतो, पण लहान पोरांना सकाळी शिकवतो. रात्री दीडची मॅच त्यानंही जागून पाहिली होती. आम्ही बराच वेळ मॅक ॲलिस्टरच्या हेडरबद्दल बोललो. त्याच्या-माझ्या त्या संध्याकाळबद्दल आजवर एक शब्द निघालेला नाही, तेव्हाही निघाला नाही. उठता उठता, चप्पल पायात सरकवत त्यानं विचारलं, "मे महिन्यातल्या त्या मॅचला, त्या पोराची आई हुती काय रे मैदानात?"